साधी गाठ

कोल्हापूर, ३ ऑगस्ट

दादा,

पत्राच्या डोक्यावर 'जय जिनेंद्र' लिहिलं की लहानपणी तू म्हणायचास, बघा, माझाच जयजयकार. म्हणून आज ते लिहिलं नाही. तू हसशील की चिडशील, याचा अंदाज मला आता येत नाही.

फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतोस, निळ्या खुणा दिसतात, उत्तर येत नाही. म्हणून हे स्पीड पोस्टाने पाठवते. अव्वाने बजावलंय की जिन्याला कळवायचं नाही. आईचा शब्द मोडून लिहिते आहे हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचून तू तिला परस्पर फोन करणार नाहीस.

अव्वाच्या लिव्हरमध्ये गाठ आहे. उजव्या बाजूला, मोठ्या लिंबाएवढी. वर्षभरात तिचं वजन फार उतरलं. सगळे ब्लाउज आत घ्यावे लागले, बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या, म्हणून मीच तिला डॉक्टरांकडे नेलं. सोनोग्राफीत गाठ दिसली. मग शाहूपुरीतल्या एका सेंटरवर सीटी स्कॅन केला. रिपोर्टात लिहिलंय की लिव्हरचा कॅन्सर असण्याची शक्यता जास्त. डॉ. धैर्यशील म्हणून सर्जन आहेत, त्यांनी फिल्म उजेडाला धरली आणि मला विचारलं, भूक कशी आहे, वजन किती उतरलं. मी सांगितलं. ते म्हणाले, मग सगळं जुळतंय.

अण्णांनाही हेच झालं होतं. तोच अवयव आणि तोच शब्द. तू बेंगळुरूत बसून हे वाचताना तुझ्या मनात काय येईल ते मला कळतं. निदान कळतं असं वाटतं.

कॅन्सर हा शब्द डॉक्टरांनी अव्वासमोरच उच्चारला. मी तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला, पदर सारखा केला आणि म्हणाली, "बरं झालं सायेब, येळंत सांगितलासा." डॉक्टरांना वाटलं, ही उपचाराबद्दल बोलतेय. ते ऑपरेशनचं समजावत राहिले, ती मान डोलवत राहिली. रिक्षात बसल्यावर मला म्हणाली, "अण्णांचं केलंसा तसं माझं करायचं न्हाय."

बाकी ठीक आहे. घरी श्रेणिक बरे आहेत, जावई असून अव्वाचं सगळं करतात. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतली माझी फाउंड्री चालू आहे, क्वालिटीचा सगळा विभाग आता माझ्याकडे आहे. 'बाकी ठीक' हे तितकंसं खरं नाही, पण खोडत नाही.

भाग्यश्री

१० ऑगस्ट

दादा,

तुझा मेसेज आला. 'रिपोर्ट पाठव.' दोन शब्द. आणखी दोन शब्द खर्च केले असतेस तर ती कशी आहे हेही विचारून झालं असतं. रिपोर्ट आणि फिल्मचे फोटो पाठवलेत, तुझ्या ओळखीच्या डॉक्टरांना दाखव.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट गाळली. तुला कसं सांगावं कळत नव्हतं, असं म्हणणं सोपं आहे. खरं म्हणजे तू येऊन तमाशा करशील अशी भीती होती. अव्वाला सल्लेखना घ्यायची आहे. यंदा आपल्या बस्तीत, देवळाच्या ओवरीत, एका माताजींचा चातुर्मास आहे. डॉक्टरांकडून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दर्शनाला गेली आणि त्यांच्यापुढे बसून म्हणाली, दुखणं बरं होणारं न्हाय, मला वाट दाखवा. दशलक्षण पर्व संपेल त्या दिवशी, अनंत चतुर्दशीला, तिला सुरुवात करायची आहे. आधी अन्न, मग दूध, मग ताक, मग पाणी. शुद्धीवर राहून, णमोकार मंत्र ऐकत जायचं. हे तुला मी काय सांगणार. मोठ्या आत्याने घेतली होती तेव्हा तू तिच्या उशाशी बसून वाचत होतास.

माताजींनी हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. डॉक्टरांचा पक्का शब्द आणा, एवढंच म्हणाल्या. पण गल्लीत बातमी पोचलीच. बायका येतात, अव्वाच्या पाया पडतात, लेकरांना तिच्या मांडीवर ठेवतात. बनाबाई तर नेसरीहून एसटीने आली. आपल्या जातीची ना पातीची, पूर्वी आपल्या शेतात भांगलणीला, तण काढायला यायची ती. तिने अव्वाच्या पायावर डोकं ठेवलं आणि म्हणाली, "आक्का, वर गेलासा की माझ्या गुडघ्याचं तेवढं बघा." अव्वा खूप दिवसांनी हसली.

आणि मी? आल्यागेल्याला पाणी देताना माझी मान जरा ताठ होते. अशा आईची मुलगी म्हणून लोक माझ्याकडे बघतात आणि ते मला आवडतं. रोजनिशीत हे लिहायला गेले तर तिथे मी त्याला 'भक्तिभाव' म्हटलं. तुला तसं लिहवत नाही. श्रेणिक परवा म्हणाले, "अजून म्हातारी जेवते आहे, तोवर तुम्ही सगळ्यांनी तिचा फोटो करून टाकला." मला राग आला. खरं होतं म्हणूनच आला.

आता मुद्द्याचं. सीटीचा रिपोर्ट ज्यांनी दिला त्या डॉ. संयोगिता मॅडमचा काल आपणहून फोन आला. म्हणाल्या, रिपोर्ट दिला पण मला स्वस्थ वाटत नाही. मी फाउंड्रीतून सुटून थेट त्यांच्याकडे गेले. त्यांनी काँप्युटरवर अव्वाचं लिव्हर दाखवलं. शिरेतून औषध सोडतात आणि तेवढ्यात तीन-चार वेळा फोटो घेतात. कॅन्सरची गाठ सुरुवातीला चकाकते आणि नंतर बाकीच्या लिव्हरच्या आधीच फिकी पडते. अव्वाची गाठ अगदी तसंच करते. "म्हणून मी तसं लिहिलं," त्या म्हणाल्या. "पण हा नियम आजारी लिव्हरचा आहे. ज्यांना जुनी कावीळ आहे, ज्यांचं लिव्हर दारूने नाहीतर कशाने खडबडीत झालंय, त्यांच्यात अशी गाठ दिसली की आम्ही डोळे मिटून सांगतो. तुमच्या आईचं लिव्हर कोवळ्या पोरीसारखं आहे. रक्तातली कॅन्सरची खूणही वाढलेली नाही. आणि गाठीत हा भाग बघा, मला चरबीसारखा वाटतोय."

चरबी, रक्तवाहिन्या आणि स्नायू यांची मिळून एक गाठ होते म्हणे. फार क्वचित होते आणि कुणाचं काही बिघडवत नाही. पण फोटोत ती कॅन्सरची हुबेहूब नक्कल करते. ही तीच आहे असं त्या म्हणाल्या नाहीत. एमआरआय करा म्हणाल्या.

आमच्याकडे फाउंड्रीत ओतलेल्या नगांवर लाल रंग सोडून भेगा शोधतात. नुसत्या पृष्ठभागावरच्या ओरखड्यातही कधी रंग मुरतो आणि चांगला नग भंगारात जातो. वाईट नग पास झाला तर गिऱ्हाईक ओरडतं. चांगला नग फेकला गेला तर कुणालाच कळत नाही. घरी येताना हेच डोक्यात फिरत होतं. वाटेत सिग्नल सुटला तरी मी गाडी हलवली नाही, मागच्या ट्रकवाल्याने माझा उद्धार केला.

अव्वाला यातलं काही सांगितलेलं नाही. आशा दाखवून नंतर काढून घेणं मला जमणार नाही. की माताजींपुढे तिचा शब्द मागे जाईल याची मला लाज वाटते? दोन्ही लिहून ठेवते.

भाग्यश्री

१८ ऑगस्ट

दादा,

तुझा आवाजी मेसेज मी स्वयंपाकघरात लावला. अव्वा दाराशी उभी आहे हे मला माहीत नव्हतं, यावर विश्वास ठेव. 'इथल्या मोठ्या हॉस्पिटलनं कॅन्सरच सांगितलाय. अर्धं लिव्हर काढून टाकतील, बेड ठेवलाय. ही व्रताची नाटकं बंद करा आणि गुरुवारच्या गाडीत बसवा तिला.' मी फोन लपवायला गेले तर म्हणाली, परत लाव. परत लावला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आवाज बसलाय त्येचा. सर्दी झाली असंल." मग भाजी निवडायला बसली. बऱ्याच वेळाने, माझ्याकडे न बघता, "मेल्यावर बी ह्यो मला गाडीत बसवूनच न्हेईल."

तू चुकतोयस असं मी म्हणत नाही. तुझे डॉक्टर रोज अशी लिव्हर बघतात. संयोगिता मॅडमनी स्वतःच सांगितलं की अशी गाठ त्यांनी उभ्या कारकिर्दीत मोजकीच पाहिली, एरवी पुस्तकातच. कुणाचं ऐकू? तुझं ऐकलं आणि गाठ साधी निघाली तर सत्तरी ओलांडलेल्या बाईचं निम्मं लिव्हर उगाच गेलं. मॅडमचं ऐकलं आणि कॅन्सर निघाला तर अण्णांच्या वेळी झालं तेच. तू म्हणशील, अण्णांना आम्ही इथे काढे पाजत दोन महिने घालवले. आम्ही म्हणू, तू पुण्याला नेलंस आणि ते ऑपरेशननंतर आयसीयूतून बाहेर आलेच नाहीत. तोंडात नळी होती. अव्वाला आत सोडलं नाही, तिने काचेच्या बाहेरून णमोकार म्हटला. तेव्हापासून ती तुझ्याशी बोलली नाही आणि तू आमच्यापैकी कुणाशीच. अव्वाचं ऐकायचं तर तिला यातलं काहीच नको आहे.

एमआरआय झाला. पोटाचा एक फोटो राहिलाय असं सांगून नेलं. हे खोटं बोलणं झालं. यंत्राच्या आत रेकॉर्ड केलेला बाईचा आवाज हिंदीत सूचना देतो, साँस रोकिए, साँस छोडिए. अव्वा बाहेर आली ती दमूनच. "आत एक बाई हाय. श्वास धर म्हणती आन् सोड म्हणायचं इसरती. मी घाबरलो न्हाय, पर तिला कुणीतरी हाटकाय पायजे."

मॅडमनी फोटो दाखवले. एका प्रकारच्या फोटोत चरबी पांढरी दिसते. मग यंत्राला सांगायचं, चरबीचा उजेड काढून टाक. पुढच्या फोटोत तोच भाग काळा पडतो. अव्वाच्या गाठीतला मोठा तुकडा असाच काळा पडला. म्हणजे चरबी आहे हे नक्की. मी मोठा श्वास घेतला, तर मॅडम म्हणाल्या, थांबा, काही कॅन्सरमध्येही चरबी असते. फोटोने जेवढं सांगायचं तेवढं सांगून झालं. आता सुई घालून तुकडा काढायचा आणि तपासायचा. गाठीत रक्त खूप आहे, त्यामुळे सुईलाही थोडा धोका आहेच.

मी तिकीट रद्द केलं. पैसे तुझ्या खात्यात येतील. आणि सुईचं नाव काढल्याबरोबर अव्वा उठून गेली. "अण्णांना सुई टोचली, तिथनंच पसरलं." मी समजावायला गेले तर म्हणाली, चतुर्दशी होऊ दे, मग काय टोचायचं ते टोचा.

भाग्यश्री

२५ ऑगस्ट

दादा,

आज जे झालं ते दुसऱ्या कुणाला सांगू?

संयोगिता मॅडम म्हणाल्या, आईंना माझ्याकडे घेऊन या, सुई नाही, तपासणी नाही, नुसतं बोलायचं. अव्वा आली. मॅडमनी खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि विचारलं, "आजी, दिवसभरात काय काय खाता? सकाळपासून सांगा."

मला वाटलं, दोन मिनिटांत होईल. अव्वा सांगायला लागली. एकदाच जेवते, दुपारी. अण्णांचं वर्षश्राद्ध आपल्यात नसतं, पण वर्ष झालं तेव्हापासून एकाशन. त्याच्या आधी तूप सोडलं होतं. मग साखर, गूळ. मग दूध, दही. गेल्या पर्युषणापासून तेल. हिरवी भाजी तर आधीपासूनच ठरावीक तिथींना वर्ज्य. भाकरी दोन होत्या, दीड केली, मग एक. हे सगळं ती मोठ्या शांतपणे सांगत होती, गावातल्या शेजाऱ्यांची नावं सांगावीत तशी. मॅडम ऐकत होत्या. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

दादा, ती भाकरी मी थापत होते. तिचं ताट मी वाढत होते. तूप नको म्हणाली तेव्हा मीच डबा मागे घेतला. आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी काय सांगितलं? भूक कमी झालीय, वजन उतरलंय. त्यांनी ते लिहून घेतलं. तुझ्या बेंगळुरूच्या डॉक्टरांनी तेच वाचलं. सगळं जुळतंय म्हणाले. जुळणारच, जुळवून मीच दिलं होतं.

मी लपवलं नाही. मला सुचलंच नाही. आपल्या घरात बाईने काही सोडलं तर त्याची कुणी बातमी करत नाही. आजीने सोडलं, आत्यांनी सोडलं, काकूंनी सोडलं. कोणत्या वर्षी तूप सोडलं, कोणत्या वर्षी गूळ, हे चांगल्या बोलण्यात निघतं, आजाराच्या बोलण्यात नाही. डॉक्टरांनी पथ्य विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. त्यांनी दुखणं विचारलं. माझ्या हाताखालच्या पोरांनी भट्टीचं तापमान न लिहिता नुसता 'नग खराब' असा शेरा मारला तर मी त्यांना जाब विचारायला उभं करते.

मॅडम म्हणाल्या, असं खाल्लं तर गाठ नसलेल्या माणसाचंही वजन उतरेल. कॅन्सर नाही असं याने ठरत नाही. पण आपण ज्याला पुरावा समजत होतो त्यातला एक पुरावा गळून पडला.

मग त्यांनी अव्वाला विचारलं की हे सगळं कशासाठी. अव्वा म्हणाली, "त्येंच्या पोटात शेवटाला अन्नाचा कण गेला न्हाय. नळीनं कायतरी पांढरं घालत हुते. आन् मी हितं बसून जेवायचं व्हय?"

पायऱ्या उतरताना तिचा हात धरला. ती म्हणाली, "त्या डाक्टरीणबाईला एवढं काय नवल वाटलं? बायका जेवत्यात का न्हाई, कुणी इचारत न्हाई म्हणून?" मी तिला रिक्षात बसवलं.

भाग्यश्री

१ सप्टेंबर

दादा,

तू लिहिलंस, 'मला परत उशीर करायचा नाही.' त्या ओळीवर मी खूप वेळ थांबले. अण्णांबद्दल तू हे आतमध्ये घेऊन फिरतोयस हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, तू आमच्यावर चिडलायस. तू स्वतःवर चिडलायस.

आता माझं ऐक. आपण पाठशाळेत घोकलं होतं, दुसऱ्याच्या धर्मकार्यात आडवं येणाऱ्याला अंतराय कर्म लागतं. चार दिवस तेच डोक्यात. अव्वा व्रत मागतेय आणि मी आडवी पडतेय. पण गाठ साधी असेल तर आडवी न पडणं म्हणजे काय? श्रेणिक म्हणाले, कर्माचा हिशेब नंतर करू, आधी माताजींना सांगून तर ये. मी गेले नाही. बस्तीच्या पायरीपर्यंत गेले आणि परत आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी अव्वाबरोबरच गेले, तिच्यासमोरच सगळं सांगितलं. सुई, चरबी, एकाशन, काहीच ठेवलं नाही. मी सांगत असताना अव्वा माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी तिची चोरी पकडून दिली.

माताजी वयाने माझ्याहून लहान असतील. त्यांनी सगळं ऐकलं. अव्वाला म्हणाल्या, "चंदनाबाई, तुम्हाला देह सोडायचाय का दुःख? देह सोडायची वाट मला ठाऊक आहे. दुःख सोडण्यासाठी तिच्यावरून जाता येत नाही."

अव्वा म्हणाली, "माताजी, मरण आलंयच की दारात."

"आलंय का ते बघून या. अंदाजावर व्रत देत नसतात. सुई टोचून घ्या. कॅन्सर निघाला तर चतुर्दशीला मी तुमच्याजवळ बसेन. हा माझा शब्द."

घरी अव्वा दोन दिवस फक्त श्रेणिकशी बोलत होती, तेही चहा घ्या, पंखा लावा, एवढंच. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, चल. अट एकच, सुई घालताना घरचं कुणी आत यायचं नाही. मी बाहेर बसले. आतून तिचा णमोकार ऐकू येत होता, आणि मधेच मॅडमचा आवाज, आजी, आता जरा गप्प, हलायचं नाही. मग णमोकार थांबला. तेवढा वेळ मी काय केलं ते मला आठवत नाही.

रक्त फारसं गेलं नाही. तुकडे तपासायला दिलेत. खास रंग लावून बघायला वेळ लागतो, चतुर्दशीच्या आत कळेल म्हणतात. तू विचारतोस, इतके दिवस गाठ वाढत नसेल कशावरून. कशावरूनच नाही. माझ्याकडे तुला द्यायला काही हमी नाही. कामात लक्ष नाही. काल चांगल्या नगांची एक ट्रॉली मी परत पाठवली आणि आज पोरांची माफी मागून परत मागवली.

भाग्यश्री

७ सप्टेंबर

दादा,

फोनवर तू नुसतं 'बरं' म्हणालास. मागे गाड्यांचा आवाज येत होता, म्हणजे तू रस्त्यात कुठेतरी थांबला होतास. म्हणून सविस्तर लिहिते.

मॅडमचा फोन आला तेव्हा मी फाउंड्रीच्या आवारात होते. "अँजिओमायोलिपोमा," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा स्वर ऐकूनच मला कळलं, ती चरबी-स्नायूंची साधी गाठच. कॅन्सर नाही. एक खास रंग त्या पेशींनी धरला, तो लिव्हरच्या कॅन्सरच्या पेशी धरत नाहीत. ऑपरेशन नको. तुझ्या डॉक्टरांनीही आता तेच म्हटलं असेल, स्लाइडचा रिपोर्ट तुला पाठवलाय. त्यांना दोष देऊ नकोस. मी दिलेली माहिती त्यांनी वाचली होती.

आनंद झाला. पण त्याच्या आधी, अगदी क्षणभर, आत काहीतरी रिकामं झालं. मी तिच्या जाण्याची तयारी केली होती, दादा. कोण कुठे बसेल, कोण वाचेल, हेसुद्धा मनात ठरवलं होतं. ती सगळी तयारी एकदम निरुपयोगी झाली आणि मला ते सोसेना. आता तो क्षण गेलाय. पण आला होता.

अव्वाला सांगितलं. तिने दोनदा विचारलं, साधी? साधीच? मग भिंतीला टेकून बसली. "मग आता मी काय करू?" श्रेणिक म्हणाले, "जगा की." ती त्यांच्यावर डाफरली, "तुमाला सोपं हाय सांगाय, जावईबापू."

काल अनंत चतुर्दशी. बस्तीत गर्दी होती, बऱ्याच जणी तिच्यासाठी आल्या होत्या. अव्वाने सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "गाठ साधी निघाली. पाया पडला असशिला ते माघारी घ्या आन् घरला जावा." बायका हसल्या, काही जणी रडल्या. माझी मान या वेळी ताठ नव्हती आणि त्याचं मला बरं वाटलं. तेही लिहून ठेवते.

माताजींपुढे ती हट्टाने बसली. म्हणाली, मोकळं माघारी पाठवू नका, कायतरी नियम द्या. माताजींनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, "देते. रोज दोन वेळा जेवायचं. दूध, तूप, सगळं. पुढच्या चातुर्मासापर्यंत. मोडायचा नाही." अव्वाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. नियम मागून घेतला होता, नको म्हणता येईना. घरी येईपर्यंत कुरकुरत होती, ह्यो कसला नियम, ह्यो तर जलमभर केलाय.

संध्याकाळी, सूर्य बुडायच्या आत, दुसऱ्यांदा ताटावर बसली. पहिले घास गिळताना तिला त्रास होत होता. सवय गेलीय. मी बघत बसले तर म्हणाली, बघू नगंस. मी बघायचं थांबवलं.

मॅडमनी बजावून सांगितलंय की गाठ साधी असली तरी सोडून द्यायची नाही. अशा गाठी कधी वाढतात, क्वचित वागणूक बदलतात. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायची. जेवण झाल्यावर मी हे अव्वाला सांगितलं. तिने हात धुतले, पदराला पुसले आणि म्हणाली, "म्हंजे दर सहा म्हैन्यानी जाऊन इचारायचं व्हय, मी ऱ्हाऊ का जाऊ म्हणून?"

मी म्हटलं, हो, तसंच समज. मार्चमध्ये पहिली. मी रजा टाकते.

"तू नगंस," ती म्हणाली. "तू लई इचार करतीस, बरूबर आलीस की मला बी कराय लावतीस. जिन्याला म्हणावं, मार्चात सुट्टी काढ. त्येनं न्यायचं मला." मग दिवा लावायला उठली आणि देव्हाऱ्यापाशी पोचल्यावर मागे न बघताच म्हणाली, "त्येला म्हणावं, घाई करू नगंस. मी तवर हाय."

भाग्यश्री